रिकामी गव्हाण

सगुणाबाई मुळात भित्री बाई नव्हती. राजगडाच्या पायथ्याला, पालीत, तिची चाळीस वर्षं गेली होती. गोठ्यामागं बसलेल्या बिबट्याला तिनं एकदा हातातल्या खराट्यानं हाकललं होतं आणि वर "मेल्याला लाज न्हाई" म्हणून त्याचा उद्धारही केला होता. अशी ही बाई मार्गशीर्षात एका हातभर लाकडी खोक्याला भ्यायली. तेही स्वतःच्या नवऱ्यानं बनवलेल्या.

खोकं म्हणजे गव्हाण होती. गोठ्यात जनावरांपुढं वैरण टाकायला असते तशीच, फक्त लहान. बनवली कुंडलिकनं आणि बनवायला सांगितली सुनेनं, शेफालीनं.

शेफाली राहुरीकडची, ख्रिस्ती घरातली. खालच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून बदलून आली आणि सगुणाबाईच्या स्वरूपला, ज्याला जन्मात कधी पडसं झालं नव्हतं, एका महिन्यात तीनदा ताप आला. तेव्हाच सगुणाबाईनं काय ते ओळखलं. चार दिवस ती रुसली, पाचव्या दिवशी मुलीला जेवायला बोलवा म्हणाली. लग्न कचेरीत झालं. तिचा देव तिच्यापाशी, आमचा आमच्यापाशी, भाकरी एका तव्यावर, असं ठरलं आणि तसं चाललंही. स्वरूप गडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी घालायचा, जीप फिरवायचा. शेफाली दवाखाना सांभाळायची. नाताळाला ती आठ दिवस माहेरी जायची, त्यामुळं नाताळ म्हणजे काय ते पालीतल्या त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं.

या वर्षी तिला जाता येणार नव्हतं. डिसेंबरात तिला आठवा महिना लागत होता आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी जेवताना तिनं विषय काढला.

"आई, या वर्षी नाताळ इथंच करूया का? आपल्या घरचा. बाळ मोठं झाल्यावर त्याला सांगता येईल, तू पोटात होतास तेव्हापासून आपल्याकडं असं करतात."

"कर की," सगुणाबाई म्हणाली. बाळ या शब्दापुढं तिला काही नाही म्हणता येत नसे.

मग शेफालीनं आपल्या आजीच्या घरची रीत सांगितली. नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी घरात एक गव्हाण मांडायची. येशू गोठ्यात जन्मला, त्याला गव्हाणीत निजवलं, म्हणून गव्हाण. ती रिकामी ठेवायची. घरातल्या ज्यानं दिवसभरात कुणाचं काही भलं केलं असेल त्यानं संध्याकाळी तिच्यात एक काडी टाकायची. चोवीस तारखेपर्यंत काड्यांचं मऊ अंथरूण होतं. त्या संध्याकाळी त्यावर बाळ ठेवायचं. तोवर मात्र रिकामी.

कुंडलिकला ही रीत इतकी आवडली, की हात धुवायच्या आत तो फळी शोधायला उठला. भाताची झोडणी चालू होती, पेंढ्याला तोटा नव्हता. आंब्याच्या फळीची गव्हाण दोन दिवसांत तयार झाली आणि माजघरात, भिंतीच्या कोनाड्याखाली, पाटावर बसली. शेफालीनं दाराला कागदी चांदणी लावली. गावाला वाटलं, स्वरूपनं हॉटेलाची जाहिरात केली. दोघा-तिघांनी पिठल्याचा भाव वाढला का म्हणून विचारलंही. तेवढ्यावर ते मिटलं.

पहिल्या संध्याकाळी कुंडलिकनं पहिली काडी टाकली. पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्याची मोळी त्यानं घरापर्यंत पोचवली होती. काडी पडली आणि गव्हाण डुगडुगली. एक पाय बोटभर आखूड राहिला होता. पुढं-मागं, पुढं-मागं, अशी ती चारदा हलली आणि थांबली.

"आबा, तुमची गव्हाण नाचतीय," स्वरूप हसला.

"जिती हाय म्हणायची," कुंडलिक म्हणाला.

सगुणाबाई हसली नाही. तिच्या हातातली परात तिथंच राहिली. आतलं पीठ मळायचं होतं हेही ती विसरली.

गेल्या वर्षी, श्रावणात, शेफालीला पहिल्या खेपेचा आठवा चालू होता. सगुणाबाईनं माळ्यावरचा पाळणा काढला. स्वरूप ज्यात वाढला तोच. मूल व्हायच्या आधी असलं काही करू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण आनंदाला कुठं अक्कल असते? तिनं पाळणा धुतला, दोर तपासायला म्हणून माजघराच्या आढ्याला टांगला आणि घरात कुणी नाही असं पाहून एक झोका दिला. मग दुसरा. तोंडानं दोन ओळी गुणगुणलीही. मागं वळली तर उंबऱ्यात साळूबाई उभी. गावातली निम्मी पोरं जिच्या हातावर जन्मली ती साळूबाई.

"रिकामा पाळणा हलवू न्हाई, सगुणे," एवढंच ती म्हणाली.

नवव्या दिवशी मूल मेलेलं जन्मलं. मुलगा होता. सगुणाबाईनं पाळणा परत माळ्यावर टाकला, त्यावर पोती टाकली आणि जिभेवर दगड ठेवला. साळूबाईनंही कुठं वाच्यता केली नाही. पण शेफाली रडायची तेव्हा सगुणाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि तिला वाटायचं, आपण चोर आहोत आणि ज्याचं घर फोडलं त्याच्याच दारी सांत्वनाला बसलो आहोत.

आता पुन्हा आठवा होता, पुन्हा तेच माजघर आणि त्यात एक रिकामी, हलणारी वस्तू. तीही रोज, दिवेलागणीला, घरातल्या सगळ्यांसमोर हलणारी. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात; सगुणाबाईची पाण्याचा घोट घ्यायची छाती राहिली नव्हती.

सांगावं तर सगळंच सांगावं लागणार. न सांगावं तर रोज संध्याकाळी काळजाचं पाणी. तिनं आधी आखूड पायाखाली खापराचा तुकडा सारला. दुसऱ्या दिवशी शेफालीनं केर काढताना तो उचलून टाकला. मग ती नवऱ्याच्या मागं लागली.

"अवं, त्यो पाय तेवढा नीट करा की."

"करतो की. मळणी आटपू दे."

मळणी आटपली, वाल पेरून झाले, पण कुंडलिकला सवड झाली नाही. शेफालीला ती म्हणाली, "गव्हाण तिकडं गोठ्यातच ठिवू या का गं? शोभंल तिथं." शेफाली हसून म्हणाली, "मग म्हैस सगळी भली कामं खाऊन टाकेल, आई." सगुणाबाईनं स्वतः मात्र एकही काडी टाकली नाही. रोज काही ना काही निमित्त काढून ती त्या वेळेला चुलीपाशी जाई आणि पाठ फिरवून ऐके. खट-खट, खट-खट. आवाज थांबेपर्यंत ती श्वास घेत नसे. मग बाहेर येऊन, सहज विचारल्यासारखं, विचारी, "हालतंय ना गं पोटात?"

"हालतंय, आई."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात साळूबाई ताकाला आली. गुडघ्यांवर हात देत ती माजघरात टेकली आणि तिची नजर कोनाड्याखाली गेली. पदर लागला की काय, गव्हाण हलली. साळूबाईनं गव्हाणीकडं पाहिलं, मग सगुणाबाईकडं. काही बोलली नाही. ताक घेऊन गेली. ती दोन वाक्यं बोलती तर बरं झालं असतं. तिच्या गप्प बसण्यानं सगुणाबाईची भीती पक्की झाली.

त्याच दुपारी तिला सुचलं. बारशाला बाईच्या हातावर आधी बाळ देत नाहीत. पाट्यावरचा वरवंटा धुऊन, कुंची घालून, त्याला गोप्या म्हणून पाळण्यात घालतात आणि मग बाळ. म्हणजे पाळणा बाळासाठी कधी रिकामा राहतच नाही. बाळानं दगडासारखं जगावं, हा त्यातला आशीर्वाद. मग गव्हाणीला काय हरकत आहे?

शेफाली दवाखान्यात होती. सगुणाबाईनं वरवंटा धुतला, पुसला. गुंडाळायला मऊ कापड हवं म्हणून पेटीत हात घातला आणि कुंडलिकच्या जुन्या धोतराचा अर्धा तुकडा निघाला, त्यात तो बांधला. काड्या बाजूला करून गव्हाणीच्या तळाशी ठेवला आणि वरून काड्या पसरल्या. मग बोटानं गव्हाण ढकलून पाहिली. हलली नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

संध्याकाळी शेफालीनं काडी टाकली. गव्हाण गप्प.

"आबांनी पाय नीट केला वाटतं," ती म्हणाली. कुंडलिकला वाटलं स्वरूपनं केला, स्वरूपला वाटलं आबांनी. न केलेल्या कामाचं श्रेय दोघांनीही मुकाट्यानं घेतलं.

एक अडचण मात्र झाली. मिक्सरातली चटणी म्हणजे कुत्र्यानं चाटलेली, असं म्हणणारी सगुणाबाई आता रोज मिक्सर लावू लागली. "लई बेस यंत्र हाय," ती म्हणाली. घरात सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, पण वयापरत्वे माणूस सुधारतं असं धरून गप्प बसले.

एकवीस तारखेला रविवार होता. अंगणात गडावर आलेली बारा-पंधरा पोरं जेवायला बसलेली, स्वरूप वाढत होता, सगुणाबाई भाकरी थापत होती. शेफाली सुट्टीवर होती. माहेरून आलेल्या पार्सलातली येशूबाळाची छोटी मूर्ती तिनं काढली आणि गव्हाणीत मावते का ते बघायला माजघरात गेली.

सगुणाबाईनं किंकाळी ऐकली नाही, कारण किंकाळी नव्हतीच. घशात काही अडकल्यासारखा एक आवाज आला. ती पिठाच्या हातानं धावली.

शेफाली जमिनीवर बसली होती. काड्या इकडं-तिकडं उधळलेल्या. तिच्या मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते होतं, गार, जड, न हलणारं. ती त्याच्याकडं बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा सगुणाबाईला कळलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मूल हातात दिलं, तेव्हा ते गुंडाळायला घरून जे कापड नेलं होतं, तो याच धोतराचा दुसरा अर्धा भाग होता. तिनं स्वतःच फाडला होता. लाल काठ, मधे रफू. शेफालीनं ते गाठोडं तासभर मांडीवरून कुणाला घेऊ दिलं नव्हतं. एवढं सगळं ठाऊक असून आपण नेमकं तेच कापड कसं काढलं? करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणावं, तर इथं मारुतीही नव्हता. राक्षस झाला होता.

"आई," शेफाली म्हणाली, "पोटात कळ आली."

पुढचं सगळं धावपळीत झालं. स्वरूपनं पिठल्याचं पातेलं तसंच टाकलं, जीप काढली. कुंडलिक मागं राहिला. पाहुण्या पोरांना तुमचं तुम्ही वाढून घ्या म्हणाला आणि पोरांनीही मुकाट वाढून घेतलं. मागच्या सीटवर शेफाली आडवी, तिचं डोकं सगुणाबाईच्या मांडीवर. सगुणाबाईच्या हातांवरचं पीठ वाळून तडकलं होतं. साखर गाव मागं गेलं. रस्त्याला वळण आलं की शेफाली तिचं मनगट घट्ट धरायची.

"हालतंय का गं?"

"कळत नाही, आई. पोट दगड झालंय."

दगड. सगुणाबाईला वाटलं, आपणच म्हटलं होतं, दगडासारखं जगावं. देव माणसाचं ऐकतो तेव्हा किती अर्धवट ऐकतो. तिनं मेंगाईला हाक मारली, सटवाईला मारली, आणि शेवटी, कुणी उरायला नको म्हणून, गव्हाणीतल्या त्या बाळालाही मारली. मग तिला राहवलं नाही.

"पोरी, म्याच खाल्लं गं तुजं लेकरू."

शेफालीनं डोळे उघडले.

"गेल्या साली. पाळणा काढला म्या. धुतला, टांगला आन् रिकामाच हलवला. साळूआत्यानं बघितलं. नवव्या दिशी त्ये झालं. आन् आता ही गव्हाण रोज हलाया लागली. म्हणून त्यो वरवंटा ठिवला, रिकामी नगं म्हणून. म्या येडी. म्या काय केलं..."

पुढं स्वरूपच्या हातून गिअर चुकीचा पडला, जीप कुरकुरली. मार्गासनी गाव आलं. सगुणाबाईला वाटलं, आता ही माझ्या मांडीवरून डोकं उचलेल. आणि उचलावंच.

"त्याच्या गळ्याला नाळेचे तीन वेढे होते, आई," शेफाली हळू म्हणाली. "मी बघितले ना. तुमच्या पाळण्यानं नाही गेला तो."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणाले, विसर." कळ आली तशी ती थांबली, मग म्हणाली, "आणि मी पण एक सांगितलं नाही कुणाला. दोन दिवस तो कमी हालत होता. मी दवाखान्यात बायांना रोज सांगते, हालचाल मोजा. माझं मी मोजलं नाही. शिबिर होतं, काम होतं. वाटलं, झोपला असेल."

समोर बसलेल्या स्वरूपचे कान लाल झाले होते. तो फक्त म्हणाला, "आलंच नसरापूर."

दवाखान्यात शेफालीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर सगुणाबाई बसून राहिली. ज्या दाराकडं ती बघत होती त्यावर कुणीतरी चांदणी चिकटवली होती, घरच्यासारखीच. तिनं देवाशी भांडण केलं नाही, नवसही बोलला नाही. नवसाला द्यावं असं तिच्याकडं काय होतं? तिला फक्त भीती वाटत होती, निखळ, बिबट्यापुढंही वाटली नव्हती तशी. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि आतून मशीनचा आवाज आला. टपटप, टपटप, टपटप. घाईघाईनं, न थांबता.

"ठोके चांगले आहेत," नर्स म्हणाली. "कळा थांबायला इंजेक्शन दिलंय. तीन दिवस राहू द्या."

सगुणाबाईनं नर्सचे हात धरले. तिच्या हातांवरचं पीठ नर्सच्या हातांना लागलं.

चोवीस तारखेला दुपारी तिघं घरी आली. कुंडलिकनं माजघर सारवून ठेवलं होतं. उधळलेल्या काड्या त्यानं वेचून पुन्हा गव्हाणीत घातल्या होत्या. एकसुद्धा कमी नाही म्हणाला, मोजल्या होत्या म्हणे. वरवंटा पाट्यावर परत गेला होता. धोतराचा तुकडा त्यानं धुऊन, घडी करून, पेटीवर ठेवला होता. पाय मात्र तसाच आखूड.

दिवे लागले. शेफाली भिंतीला टेकून बसली, मांडीवर येशूबाळ. सगळे ती बाळ ठेवायची वाट बघत होते. तिनं ठेवलं नाही.

"आई, वरवंटा आणा."

सगुणाबाई जागची हलली नाही. "नगं गं पोरी. गोठ्यामागं टाकून दिऊ त्यो."

"तुमच्याकडं आधी गोप्या ठेवतात ना? मग आपल्या घरी असंच करायचं. आधी गोप्या, मग बाळ. दर वर्षी." तिनं पेटीकडं बोट केलं. "आणि तेच कापड घ्या. अर्धं त्याच्याजवळ आहे. अर्धं इथं राहू दे."

सगुणाबाईला रडू फुटलं. मग तिनं नाक पुसलं आणि वरवंटा आणला. धोतरात तो बांधताना तिच्या बोटांना गाठ नीट बसेना, तेव्हा शेफालीनं वरून बोट ठेवलं. दोघींनी मिळून तो गव्हाणीत ठेवला. स्वरूपनं डोळे पुसले आणि चुलीचा धूर म्हणाला, पण चूल विझलेली होती. थोड्या वेळानं शेफालीनं वरवंटा उचलून बाजूला, गव्हाणीला टेकून ठेवला आणि येशूबाळ काड्यांवर निजवलं.

"थांबा," सगुणाबाई म्हणाली. तिनं कोपऱ्यातल्या पेंढ्यातून एक काडी उपसली.

कुंडलिकनं भुवया वर केल्या. "आज म्हैना होत आला, एक काडी टाकली न्हाईस. काय भलं केलंस आता?"

"बोलले," सगुणाबाई म्हणाली आणि काडी बाळाच्या पायाशी टाकली.

वरवंटा काढलेला होता. गव्हाण डुगडुगली. सगुणाबाईचा हात सवयीनं पुढं झाला, तर शेफालीचा तिच्या आधीच पोचला होता. खट-खट आवाज थांबेपर्यंत दोघींनी ती धरून ठेवली. अजून पाच आठवडे काढायचे होते.

"हालतंय का गं?"

"संध्याकाळपासून आठ वेळा."

"नीट मोज," सगुणाबाई म्हणाली, आणि तिनं आपला हात सुनेच्या पोटावर ठेवला. "म्याबी मोजते."